खाली बघितलेले चार सेकंद : नवीन पायलटसाठी हार्ड लँडिंग टाळायची तयारी

लँडिंग जोरात बसलं की नवीन पायलटचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, फ्लेअर, म्हणजे टेकायच्या जरा आधी नाक उचलून खाली येणं मंद करणं, उशिरा झाला का लवकर झाला. प्रश्न चुकीचा नाही पण अर्धाच आहे. फ्लेअर बिघडायच्या पाच-दहा सेकंद आधीच लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं, आणि तिथे जे बिघडलं ते फक्त फ्लेअरमध्ये सगळ्यांना दिसतं. मी छोट्या विमानांवर शिकले आणि आता शिकवते, त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलंय.

माझंच सांगते. सोलो, म्हणजे एकटीने उडणं, सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते, मांडीवर पट्ट्याने टॅबलेट बांधला होता, आणि फायनलवर, म्हणजे रनवेच्या रेषेत सरळ उतरताना, अगदी खाली आल्यावर तो पट्टा सुटला. टॅबलेट घसरून पायाकडे जायला लागला, मी डाव्या हातात योक (विमानाचं हँडल) धरून उजव्या हाताने तो पकडला, म्हणजे थ्रॉटलवरचा (इंजिनची पॉवर कमी-जास्त करायच्या दांड्यावरचा) हात काढला आणि मान खाली घातली. पकडला, वर बघितलं तर काचेत नुसता रनवेच रनवे. घाबरून योक खेचला, विमान फुग्यासारखं वर उचललं गेलं, वेग संपला, मग धपकन खाली, उसळी, आणि मी नाक खाली दाबलं, जे अजिबात करायचं नसतं. विमानाला काही झालं नाही हे माझं नशीब. खाली उतरल्यावर सरांनी फ्लेअरबद्दल एक शब्द विचारला नाही, त्यांनी विचारलं, "त्याच्या आधी तू कुठे बघत होतीस?"

आता साधा हिशोब करू. सेसना १७२ सारखं विमान फायनलवर साधारण ६५ नॉटने येतं, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ३३ मीटर. समोरून वारा नसेल तर चार सेकंदात १३० मीटर पुढे गेलात. ३ अंशांच्या उतारावर या वेगाला विमान मिनिटाला साधारण ३५० फूट खाली येतं, म्हणजे चार सेकंदात २०-२३ फूट. आणि फ्लेअर सुरू करायची उंची किती, तर १० ते २० फूट. म्हणजे टॅबलेट, फोन, पडलेलं पेन, काहीही असो, त्यासाठी चार सेकंद मान खाली गेली तर फ्लेअरची अख्खी उंचीच तुम्ही न बघता ओलांडली. हा आकडा डोक्यात पक्का बसवा, पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

इंजिन सुरू करायच्या आधी

लक्ष विचलित करणाऱ्या बऱ्याच गोष्टी जमिनीवरच संपवता येतात आणि हे काम कंटाळवाणं असल्यामुळे लोक इथेच घाई करतात.

सीट रुळावर नीट लॉक झालीय का ते नुसतं बघून चालत नाही, पायाने जोर देऊन पुढे-मागे हलवून बघायचं, कारण नाक वर असताना सीट मागे सरकली तर हात योकवर असतो आणि माणूस आपोआप तोच खेचून स्वतःला सावरायला जातो. दरवाजा बंद केल्यावर हँडल कुठे आहे ते बघा आणि खांद्याने एकदा ढकलून बघा. सीटबेल्टचं टोक दरवाज्याबाहेर लोंबत राहिलं तर हवेत ते पत्र्यावर असं बडवतं की इंजिनच तुटतंय असं वाटावं, आवाज खरोखर भयानक असतो. हे माहीत नसलं तर माणूस त्या आवाजाच्या मागे लागतो आणि विमान उडवायचं विसरतो. फ्युएल कॅप, ऑइलचं झाकण, टो-बार (विमान ओढायचा दांडा), सगळं हाताने. डोळ्याने बघितलेलं विसरतं, हाताने केलेलं आठवतं.

टॅबलेट घेणार असाल तर तो जिथे बसवलाय तिथून हलणार नाही याची खात्री करा, आणि मांडीवर ठेवायचा असेल तर पट्टा स्वतः ओढून बघा. फोन बंद, खिशात, खिशाची चेन लावलेली. पेनं दोन ठेवा, एक पडलं तर पडू दे म्हणता यायला हवं.

सोबत कोणी असेल तर त्यांना जमिनीवर, इंजिन बंद असताना, शांतपणे सांगा की मी हात वर केला की गप्प बसायचं, आणि मी "बोला" म्हणेपर्यंत बोलायचं नाही, दुसरं विमान दिसलं किंवा आग-धूर दिसला तरच बोलायचं. लोकांना राग येत नाही, उलट त्यांना बरं वाटतं की हा माणूस गंभीरपणे काम करतोय. मोठ्या विमानांमध्ये याचा नियमच आहे. अमेरिकेत १९७४ मध्ये शार्लटला उतरताना ईस्टर्न एअर लाइन्सचं डीसी-९ रनवेच्या आधीच जमिनीवर आदळलं, आणि तपासात निघालं की कॉकपिटमध्ये उतरताना इकडच्या तिकडच्या गप्पा चालल्या होत्या, मग १९८१ मध्ये नियम आला की १० हजार फुटांच्या खाली कामाशिवाय बोलणं नाही. त्याला स्टेराइल कॉकपिट म्हणतात. छोट्या विमानाला तो नियम लागू नाही, पण आपल्या विमानातही तो आपण लावायचा. मी सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या उतरण्याच्या ठरलेल्या फेरीत, शिरायच्या आधीपासूनच लावते.

आणि स्वतःकडे बघा. झोप, औषधं, घरातलं भांडण, परीक्षेचं टेन्शन, लघवी लागलेली असणं, हो हेही, कारण शेवटच्या पाच मिनिटांत याच गोष्टी लक्ष खातात.

सर्किटमध्ये शिरायच्या आधी

वारा, रनवे, फ्रिक्वेन्सी, हवामानाची रेकॉर्ड केलेली माहिती, हे सगळं लांबूनच घेऊन ठेवा. डाउनविंडवर, म्हणजे रनवेला समांतर उलट दिशेने जायच्या टप्प्यावर, पोचून रेडिओची बटणं फिरवत बसलात तर उंची हमखास बदलते. अनोळखी एअरफील्ड असेल तर त्याचा नकाशा आधीच नीट बघून घ्या, रनवे किती रुंद, चढ आहे का, कुठून बाहेर पडायचं. रनवे सवयीपेक्षा अरुंद असला तर आपण आहोत त्यापेक्षा जास्त उंचावर आहोत असं वाटतं आणि माणूस बुडत बुडत खाली येऊन फ्लेअर उशिरा करतो, रुंद असला तर उलटं होतं, फ्लेअर उंचावरच होतो आणि विमान तिथून पडतं. रनवेला चढ असेल तरी उंच असल्याचाच भास होतो. हे भास माहीत असूनही होतात, फक्त माहीत असेल तर विश्वास कमी बसतो, तेवढा फरक पुरेसा आहे.

डाउनविंड

सगळं वाचण्याचं, बोलण्याचं, बटणं दाबण्याचं काम इथे संपवायचं. लँडिंग चेकलिस्ट टचडाउन पॉइंटच्या समोर यायच्या आत पूर्ण. आता एक गोष्ट जी सांगितली जात नाही, की चेकलिस्टच्या मध्येच टॉवरने बोलावलं किंवा सोबतच्याने काही विचारलं तर पुढे कुठून सुरू करायचं. उत्तर आहे, पहिल्यापासून. दहा सेकंद जास्त जातात पण माणसाला जिथे तोडलं तिथलं आठवत नाही, त्याला वाटतं की ते झालं, कारण ते करायचा विचार झालेला असतो. चाकं आत जाणाऱ्या विमानावर तर हे जीवघेणं आहे, तिथे चाकं बाहेर आल्याचे तीन हिरवे दिवे मोठ्याने बोलून, बोट लावून मोजायचे, आणि फायनलवर पुन्हा एकदा.

ट्रिम, म्हणजे योकवर धरावा लागणारा जोर काढून टाकणारी सोय, नीट लावा. ट्रिम लागलेलं विमान हात सैल सोडला तरी वेग धरून राहतं, न लागलेलं विमान तुम्ही दुसरीकडे बघितलं की लगेच स्वतःच्या मर्जीने जातं. म्हणजे ट्रिम हीच लक्ष उडाल्यावर वाचवणारी पहिली गोष्ट आहे आणि नवीन लोक तीच टाळतात, हाताच्या जोरावर विमान धरून ठेवतात आणि मग थकतात.

बेस आणि फायनल

बेसवरून, म्हणजे फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावरून, फायनलला वळताना सेंटरलाइनच्या पुढे गेलात तर रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू) मारून नाक ओढायचं नाही आणि बँक (विमानाचा तिरका कल) वाढवत जायचं नाही. कमी वेग, जास्त बँक आणि चुकीचा रडर यातून विमान स्टॉल होऊन, म्हणजे पंखांची उचल तुटून, गिरकी घेतं, आणि त्या उंचीवर सावरायला जागा नसते. वळण हुकलं तर हुकलं, सरळ वर जा, परत या. मुख्य गोष्ट अशी की हे वळण घेताना रेडिओवर बोलायचं असेल तर आधी बोला किंवा वळून झाल्यावर बोला.

फायनलवर स्वतःसाठी एक फाटक ठरवा. मी ५०० फूट धरते, त्याच्या आधी वेग, फ्लॅप्स (पंखाच्या मागच्या कडेचे, उतरताना खाली काढायचे भाग), सेंटरलाइन, उतार, सगळं जागेवर हवं, आणि वेग ठरवलेल्यापेक्षा ५ नॉट कमी किंवा १० नॉट जास्त याच्या बाहेर नको. नसेल तर गो-अराउंड, म्हणजे न उतरता परत वर जाणं, तिथे चर्चा नाही. वेग जास्त घेतला तर बरं असं वाटतं, पण ६५ च्या जागी ७५ ने आलात तर विमानात ३३ टक्के जास्त ऊर्जा आहे, ती कुठेतरी जाणारच, एकतर रनवेवर तरंगत राहाल नाहीतर कंटाळून जबरदस्तीने टेकवाल आणि उसळाल. वेग कमी असेल तर उलट, फ्लेअरमध्ये खेचायला काही उरत नाही, विमान वरून सोडल्यासारखं पडतं. आकडे तुमच्या विमानाच्या मॅन्युअलमधून घ्या, साधारण नियम लँडिंग फ्लॅप्समधल्या स्टॉल वेगाच्या १.३ पट, आणि वारा झोतांनी येत असेल तर झोताचा वेग आणि एरवीच्या वाऱ्याचा वेग यांतल्या फरकाचा अर्धा त्यात मिळवायचा.

फायनलवर काहीतरी घडलं तर

हा भाग मी मुद्दाम लांब लिहितेय.

दरवाजा उघडला. छोट्या सिंगल इंजिन विमानात हे होतं. प्रचंड आवाज येतो, गार वारा, कागद उडतात, आणि तुमचं अख्खं शरीर म्हणतं की हा बंद कर. नका करू. सेसना किंवा पायपरसारख्या विमानात दरवाजा थोडा उघडा राहिला तरी विमान उडतं आणि उतरतं, हवेचा दाब तो फार उघडूही देत नाही. दरवाजा पकडायला जाण्यात हात, डोळे आणि पाय तिन्ही जातात आणि दरवाज्यामुळे नाही, त्या पकडण्यामुळे विमान पडतं. मनात बोला, "दरवाजा उघडा आहे, विमान उडतंय," आणि वेगाच्या काट्यावर परत या.

रेडिओवर बोलावलं. २०० फुटांवर असताना टॉवरने काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही, हात मोकळा नसेल तर थांबू दे त्यांना. "स्टँडबाय" हा एक शब्द बास. आधी विमान उडवा, मग कुठे जायचं ते बघा, मग बोला, हा क्रम सगळ्यांना पाठ असतो. तरी रेडिओवर आपलं नाव घेतलं की नवीन माणूस शाळेत नाव पुकारल्यासारखं दचकून उत्तर देतो. मी विद्यार्थ्यांना मुद्दाम फायनलवर प्रश्न विचारते, आणि गप्प राहिला तर शाबासकी देते.

दिवा लागला. अल्टरनेटरचा, कमी व्होल्टेजचा, कसलाही. इंजिन चालू आहे, रनवे समोर आहे, तर दिव्याचं काय ते जमिनीवर. २९ डिसेंबर १९७२ ला मायामीजवळ ईस्टर्नच्या फ्लाइट ४०१ मध्ये नोजव्हीलचा, म्हणजे नाकाखालच्या चाकाचा, एक हिरवा दिवा लागत नव्हता, सगळे त्या बल्बच्या मागे लागले, ऑटोपायलटने उंची सोडली हे कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि चांगलं-भलं एल-१०११ विमान दलदलीत गेलं. शंभरावर माणसं गेली. चार लोक एका बल्बच्या मागे आणि विमानाकडे कोणीच नाही, हे मी दर वर्षी नव्या बॅचला सांगते आणि दर वेळी वर्ग गप्प होतो.

काहीतरी पडलं. पेन, कागद, हेडसेटची वायर, बाटली. पडू दे. फक्त एक अपवाद आहे, जड किंवा गोल वस्तू रडर पेडलच्या मागे जाऊ शकत असेल तर ती धोकादायक आहे, पण तिचं उत्तरसुद्धा वाकणं नाही, उत्तर आहे गो-अराउंड, वर जा, सरळ सपाट उडा, मग सोबतचा असेल तर त्याला उचलायला सांगा, एकटे असाल तर विमान ट्रिम करून, बाहेर बघून, थोडं थोडं. टेकायच्या आधीच्या शेवटच्या २०० फूट उंचीत विमानाबाहेरच्या जगाशिवाय दुसरं काही बघण्यासारखं नसतं.

आणि सगळ्यात कपटी विचलन बाहेरून येत नाही, ते आपल्या डोक्यातूनच येतं. मागचं लँडिंग वाईट झालं याचा विचार, सर बघतायत याचा विचार, मागे दुसरं विमान रांगेत आहे याचं दडपण. यावर उपाय म्हणून मी बोलते. तोंडाने, हळू आवाजात, "वेग ६५, सेंटरलाइन, रनवे रिकामा," पुन्हा "वेग ६४, सेंटरलाइन." तोंड कामात असलं की डोकं भटकत नाही.

फ्लेअर

डोळे कुठे ठेवायचे हे एकदा जमलं की फ्लेअरचा अर्धा प्रश्न सुटतो. नाकाच्या अगदी पुढे बघितलंत तर जमीन धूसर पळते, उंची कळत नाही, आणि माणूस दचकून खेचतो. आधीपासूनच फार लांब बघितलंत तर उंची कमी होतेय हे कळत नाही आणि उशीर होतो. जमीन विस्तारतेय असं वाटायला लागलं की नजर हळूच पुढे, रनवेच्या लांबच्या टोकाकडे न्यायची, आणि कडेच्या नजरेने रनवेच्या बाजू वर येताना जाणवू द्यायच्या.

वेगाचा काटा इथे बघायचा नाही. काट्यावरून डोळे उचलून परत बाहेर नीट बघायला एक-दीड सेकंद जातो आणि तुमच्याकडे तेवढा नसतो. थ्रॉटल हळूहळू मागे, योक हळूहळू मागे, आणि मग टेकवायचं नाही, टेकू द्यायचं नाही, धरून ठेवायचं, विमान स्वतः दमून बसेपर्यंत. जमिनीपासून पंखाच्या लांबीइतक्या उंचीच्या आत आलं की विमान तरंगायला लागतं, त्याला ग्राउंड इफेक्ट म्हणतात, त्यात घाई केली की बिघडलंच.

मेन गिअर, म्हणजे मागची दोन चाकं, मजबूत असतो, नोजव्हील नसतं. छोट्या विमानांच्या जुन्या अमेरिकन डिझाइन नियमांत लँडिंग गिअर सेकंदाला ७ ते १० फूट वेगाने जमिनीला टेकण्याचा भार सहन करेल असा बनवायचा असतो. फ्लेअर अजिबात केला नाही आणि विमान ३ अंशांवर तसंच गेलं तर ते सेकंदाला पावणेसहा फुटांच्या आसपास येतं. म्हणजे नुसत्या आकड्यावर बघितलं तर मेन गिअर ते झेलेलही, पण फ्लेअर नसेल तर नाक खाली असतं आणि मार नोजव्हीलला बसतो, तिथून तो थेट फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिन आणि कॉकपिट यांच्यामधल्या भिंतीपर्यंत, जातो. नाक वर ठेवून जरा जोरात बसणं आणि नाक खाली ठेवून त्याच वेगाने बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उसळी आली तर

छोटी उसळी, फूटभर, असेल तर पिच (नाकाचा कोन) तसाच धरा, थोडी पॉवर लागली तर द्या, पुन्हा बसू द्या. मोठी उसळी असेल, किंवा छोटी-मोठी ठरवता येत नसेल, तर गो-अराउंड. नाक खाली दाबायचं नाही, कारण तुम्ही दाबेपर्यंत विमान स्वतःच खाली यायला लागलेलं असतं, तुमचं दाबणं आणि त्याचं पडणं एकत्र होतं आणि नोजव्हील आधी लागतं. मग ते आणखी उंच उसळतं, तुम्ही आणखी दाबता, डॉल्फिनसारखं वरखाली सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रोपेलर किंवा नोज गिअर जातो. सेसनाचा मेन गिअर म्हणजे जवळपास स्टीलची स्प्रिंगच असते, दिलेलं परत करते, म्हणून त्यावर उसळी जास्त जाणवते. दुसऱ्यांदा उसळलात तर पुढचं लँडिंग वाचवायचा प्रयत्न करू नका, निघा.

गो-अराउंड, हात लावून शिकायची गोष्ट

पूर्ण थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारी सोय) असेल तर बंद, आणि त्याच क्षणी योक पुढे दाबून धरा, कारण लँडिंगसाठी ट्रिम नाक वर अशी लावलेली असते आणि पूर्ण पॉवरवर नाक जोरात वर उसळतं. नवीन पायलटला इथे धक्का बसतो, त्याला कोणी सांगितलेलं नसतं की हाताला इतका जोर लागेल. उजवा रडर. मग फ्लॅप्स एकदम सगळे आत नाही, सेसना १७२ ला आधी २० अंशांवर, विमान वर चढतंय हे दिसल्यावर आणि वेग आल्यावर पुढचे टप्प्याटप्प्याने. रेडिओ सगळ्यात शेवटी, तुम्ही निघालात हे टॉवरला दिसतंच.

चांगल्या दिवशी, काहीच चुकलेलं नसताना, दर तीन-चार लँडिंगमागे एक गो-अराउंड करा. इन्स्ट्रक्टरला सांगा की मधेच काहीतरी पाडा, प्रश्न विचारा, नकाशा मागा, आणि मी काय करते ते बघा. गो-अराउंड म्हणजे हरणं असं ज्याच्या मनात बसलंय तो खराब ॲप्रोच ओढत ओढत खालपर्यंत आणतो, आणि मी पाहिलेल्या वाईट लँडिंग्जपैकी कितीतरी अशाच होत्या, ३०० फुटांवरच सगळ्यांना कळलं होतं की हे जमणार नाही.

टेकल्यावर

चाकं लागली म्हणजे संपलं नाही. रनवेवरून बाहेर पडून थांबेपर्यंत फ्लॅप्स, दिवे, ट्रान्सपाँडर, कशालाच हात नाही. चाकं आत घेणाऱ्या विमानात फ्लॅप्सच्या ऐवजी गिअरचा लीव्हर ओढला जाण्याचे प्रकार होतात, विशेषतः टच-अँड-गो करताना, म्हणजे टेकून लगेच परत उडताना, घाईत. आडवा वारा असेल तर एलेरॉन (पंखाच्या टोकाकडचे हलणारे भाग) वाऱ्याच्या बाजूला ठेवा आणि रोल थांबेपर्यंत विमान उडवतच राहा.

जोरात बसलंच तर

विमान बाजूला घ्या, बंद करा, परत उडवू नका, "काही नाही झालं" असं वाटत असलं तरी. मग पायी फिरा. टायर आणि चाकाजवळ ब्रेकची नळी, ऑइलचा थेंब. नोज गिअरचा फाटा वाकलाय का, नोज स्ट्रट खाली बसलाय का. प्रोपेलरच्या टोकांना हात फिरवा, ओरखडा, वळलेलं टोक, मातीचा किंवा डांबराचा डाग. मग इंजिनच्या मागे, काउलिंग (इंजिनचं आवरण) जिथे संपतं तिथे, पत्र्यावर बोटं सपाट ठेवून हळू सरकवा आणि रिव्हेटच्या ओळी बघा. सुरकुती असेल तर ती प्रकाशात आडवी नजर टाकल्यावर दिसते, सरळ बघितलं तर दिसत नाही, आणि एखाद्या रिव्हेटभोवतीचा रंग चिरल्यासारखा दिसला तरी मेकॅनिकला दाखवा. बाहेरून बघून तुम्ही "ठीक आहे" ठरवू शकत नाही, ते काम परवाना असलेल्या मेकॅनिकचं, मॅन्युअलमधल्या हार्ड लँडिंग तपासणीप्रमाणे. प्रोपेलर जमिनीला लागला असेल, अगदी नुसता घासला असेल, तर इंजिन गोड चालतंय म्हणून सोडायचं नाही, आतले भाग उघडून तपासावे लागतात, कारण धक्का क्रँकशाफ्टपर्यंत गेलेला असतो.

टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या तांत्रिक नोंदवहीत, लिहा. किल्ली परत अडकवून निघून जाण्याचा मोह होतो, विशेषतः कोणी बघितलं नसेल तेव्हा, आणि मला त्या मोहाची भीती सगळ्यात जास्त वाटते, कारण पुढच्या तासाला त्याच विमानात दुसरा विद्यार्थी बसतो. त्यात असं लिहा, वेग किती होता, किती वेळा उसळलं, आधी कुठलं चाक लागलं, फ्लॅप्स किती होते, वारा कसा होता, आणि त्याच्या आधी तुमचं लक्ष कुठे होतं. शेवटचं लॉगमध्ये नाही लिहिलं तरी इन्स्ट्रक्टरला तोंडाने सांगा, त्याच दिवशी, घरी जायच्या आधी.